बदली माणूस

आजारी पडायला सरांची हरकत नव्हती. माणूस म्हटला की ताप येणार, पोट बिघडणार, हे त्यांना मान्य होतं. तुम्हाला काय झालंय, हेही ते कधी विचारत नसत. "आजार तुमचा, त्यात मी कशाला हात घालू," म्हणायचे. त्यांचा एकच प्रश्न असायचा.

"माणूस कोण दिला?"

माणूस म्हणजे बदली माणूस. सुरतेत बमरोली रोडला पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्यांत सरांचा इंग्रजीचा क्लास होता. शिकवायला आम्ही तिघं. सर, मी आणि जयेशभाई नावाचा एक तरुण. ज्याला सुट्टी हवी त्यानं आपल्या जागी उभं राहणारा माणूस स्वतः शोधून आणायचा. आणला की सुट्टी मंजूर, मग तुम्ही आजारी असा नाहीतर सिनेमाला जा. नाही आणला तर तापातसुद्धा वर्गावर यायचं.

हा नियम त्यांनी मिलमधून उचलला होता. सर मूळचे अकोल्याकडचे. सुरतेत आले ते एका मिलच्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी मांडायला. तिथे लूमवरचा, म्हणजे मागावरचा, माणूस आला नाही तर त्याचा बदली उभा राहायचा, लूम थांबायचा नाही. पुढे नोकरी सोडून त्यांनी क्लास काढला, पण डोक्यातली हजेरी काही सुटली नाही. "कापडासाठी बदली मिळतो अन् पोरांसाठी मिळू नये, हे कसं काय," असं ते विचारायचे.

मी लग्न होऊन अमळनेरकडून नवीनच आले होते. नवरा सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीत डाइंगच्या कारखान्यात, सकाळच्या पहिल्या बसनं जायचा. मी इंग्रजी घेऊन बीए झालेली, पण सुरतेच्या बाजारात मेथीची जुडी मागतानासुद्धा माझी जीभ अडखळायची. गुजराती येत नव्हतं, हिंदी धड नव्हतं. अशा परमुलखात मला नोकरी मिळाली ती सरांमुळे. त्यामुळे त्यांची भीतीही वाटायची आणि त्यांचा आधारही वाटायचा.

उंच, वाळका माणूस. बुशशर्टची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. खिशात दोन पेनं आणि त्यांच्यामध्ये थर्मामीटर. दोन तासांच्या मध्ये ते खिडकीकडे तोंड करून तो जिभेखाली धरायचे, मग उजेडात बघायचे, झटकायचे आणि खिशात ठेवायचे. आकडा कधीच कोणाला सांगत नसत. इंग्रजी बोलायचे ते फक्त वर्गात. उंबऱ्याच्या बाहेर पाऊल पडलं की एक शब्द नाही. एकदा एका मुलाचे वडील कौतुकानं त्यांच्याशी जिन्यात इंग्रजी बोलू लागले, तर सरांनी त्यांना अस्सल वऱ्हाडीत उत्तर दिलं आणि खाली गिरणीत दळण टाकायला निघून गेले. व्याकरणाबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "व्याकरण म्हणजे रांग. रांग मोडली की धक्काबुक्की होते, अन् भाकर कोणालेच भेटत नाही."

सकाळी सातच्या वर्गाला आम्ही यायच्या आधीपासून ते जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे असायचे.  नुसते खाली रस्त्याकडे बघत राहायचे, कोण आलं, कोण राहिलं. मी वेळेवर असूनही कोपऱ्यावरून त्यांना तसं उभं पाहिलं की माझी पावलं भरभर पडायची.

बदली माणूस शोधणं सोपं नव्हतं. आमच्या भागात खानदेशातली, मराठवाड्यातली कामगार कुटुंबं. इंग्रजी येणारा माणूस हुडकायचा तर शहरभर फिरावं लागे. वर सर त्याची परीक्षा घ्यायचे. समोर उभं करून म्हणायचे, "उद्या मला यायला जमणार नाही, हे एका लहान पोराला समजेल असं इंग्रजीत सांगा." भलेभले त्यात अडकायचे. जयेशभाईनं एकदा आपले मामा आणले. ते विमा एजंट. परीक्षेत पास झाले, पण तासभर मुलांना त्यांनी विम्याच्या पॉलिसीचे फायदे सांगितले. मुलं खूश होती. सरांनी मात्र पुढचा आठवडाभर जयेशभाईकडे पाहिलं नाही.

मला तर सवयच लागली. बसमध्ये कोणी इंग्रजी पेपर वाचताना दिसलं, देवळात कोणाची सून कॉन्व्हेंटात शिकलेली आहे असं कळलं, की मी मनात नोंद करून ठेवायची. लग्नात जेवताना शेजारच्या बाईला मी तिचं गाव विचारायच्या आधी शिक्षण विचारलं, तेव्हा नवरा म्हणाला, "तू माणसं बघतेस का बदल्या?" मी हसले, पण मला हसू येत नव्हतं. कधीतरी आपण आजारी पडणार आणि आपल्याकडे माणूस नसणार, ही भीती कायम होती.

आणि झालंही तसंच.

आदल्या वर्षी सुरतेत प्लेग येऊन गेला होता. लोक मिळेल त्या गाडीला लोंबकळून गावाकडे पळाले होते. मग परतले, शहर धुऊन पुसून स्वच्छ झालं, पण तापाची धास्ती लोकांच्या मनातून गेली नव्हती. कोणी खोकलं तरी शेजारचा सरकून बसायचा. अशा दिवसांत, ऑक्टोबरच्या उकाड्यात, एका पहाटे मला थंडी वाजायला लागली. दात वाजत होते. नवरा बसला गेलेला. शेजारची सुमनकाकू, आमच्याच खानदेशातली, धुळ्याकडची, पाणी भरायला बोलवायला आली आणि माझा हात धरून जागीच थांबली.

"तुले ताप शे," ती हळूच म्हणाली. "कोनले सांगू नको. मांगला सालनी याद शे ना? घरमालकले समजनं ते खोली खाली कराले लाई तो."

"क्लासला काय सांगू?"

"काहीच सांगू नको. जाय, तोंड धुय, कुंकू लाव."

जयेशभाई स्वतःच्याच लग्नाच्या सुट्टीवर होता आणि त्यानं दिलेला माणूस फक्त संध्याकाळच्या वर्गाला यायचा, त्यामुळे वर्गाला माणूस हवाच होता. मी साडी बदलून बाहेर पडले. अंगावर शाल घ्यावी असं वाटत होतं, पण त्या उकाड्यात शाल म्हणजे गल्लीला दवंडी. जांघा दुखत होत्या, तरी ताठ चालत होते. दोन गल्ल्या पलीकडे एक कॉलेजात जाणारी मुलगी राहायची, माझ्या मनातल्या नोंदीत पहिली. तिच्या आईनं दार उघडलं, माझे डोळे बघितले आणि पदर नाकाला लावला. "ती झोपलीय," म्हणाली आणि दार लोटून घेतलं. आत मुलगी कोणाशी तरी बोलताना ऐकू येत होती. पुढे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. ते नेमके गावाला. तिसऱ्या दारापर्यंत मी गेलेच नाही. भिंतीला टेकून उभी राहिले आणि वाटलं, इथे पडले तर कोणी उचलायलासुद्धा जवळ येणार नाही.

सात वाजता मी क्लासच्या जिन्याखाली होते. सर वर उभे.

"माणूस?" त्यांनी विचारलं.

"नाही मिळाला."

ते दोन पायऱ्या खाली आले. माझ्याकडे पाहिलं. मग खिशातला थर्मामीटर काढला, रुमालानं पुसला आणि माझ्यापुढे धरला. तो त्यांनी कोणाला दिलेला मी आजवर पाहिला नव्हता. आकडा बघून त्यांनी तो झटकला आणि खिशात ठेवला. मला आपल्या खुर्चीत बसवलं, दोन्ही खोल्यांमधलं दार उघडलं आणि स्वतः उंबऱ्यावर उभे राहिले. डावीकडे माझा वर्ग, उजवीकडे त्यांचा. एका वर्गाला वाक्य द्यायचे आणि तो लिहीपर्यंत दुसऱ्याला प्रश्न विचारायचे. मी खुर्चीत कापत बसले होते आणि मनात फक्त एक विचार होता, की ही नोकरी गेली.

तास संपल्यावर ते मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. रक्त दिलं. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. आजूबाजूचे लोक माझ्यापासून अंतर ठेवून बसले होते. सर मात्र अगदी शेजारी बसले आणि त्यांचा पाय सारखा हलत होता. मलेरिया निघाला. मलेरिया झाला म्हणून कोणाला इतका आनंद झालेला मी नंतर कधी बघितला नाही.

घरी सोडायला तेच आले. घरमालक ओट्यावर उभाच होता. "बेन, शुं थयुं?" काय झालं म्हणून त्यानं विचारलं, नजर माझ्या तोंडावर.

सर मोडक्यातोडक्या गुजरातीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मलेरिया छे. फक्त मलेरिया. डॉक्टरनी चिठ्ठी मारी पासे छे. कोईने डर लागतो होय तो मने पूछो."

घरमालक ओट्यावरून बाजूला झाला. खोली राहिली. तिसऱ्या दिवशी, माझा ताप नुकता उतरत होता, तेव्हा एक विद्यार्थिनी निरोप घेऊन आली. "सरांनी विचारलंय, उद्यासाठी माणूस कोण?"

त्या आजारपणात सरांच्या ताई मला रोज भाताची पेज घेऊन यायच्या. सरांची थोरली बहीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, म्हणून भावाकडे राहायला आलेली. सरांनी लग्न केलंच नव्हतं. क्लासच्या मागच्या बाजूला दोघांची राहायची खोली होती. ठेंगणी, गोल बाई, कपाळावर बारीक गोंदण. सरांना त्या 'भाऊ' म्हणायच्या आणि सबंध सुरतेत सरांना गप्प करू शकणारी तेवढी एकच व्यक्ती होती. मी चिडून त्या निरोपाबद्दल बोलले तेव्हा त्या पेजेचं भांडं खाली ठेवून माझ्याशेजारी बसल्या.

"तू त्याच्यावर राग नको धरू, पोरी. आम्ही दोघं एकाच वर्गात व्हतो. मले शाळेत उशिरा घातलं, म्हणून. मॅट्रिकच्या साली आमचे इंग्रजीचे मास्तर आजारी पडले अन् गावाले गेले. मंग कोणी आलंच नाई. तास व्हायचा, आम्ही बसून रायचो, घंटा झाली की उठायचो. सारा वर्ग इंग्रजीत गेला."

"मग?"

"मंग काय. भाऊ पोरगा. त्याले अकोल्याले धाडलं, दुसऱ्या साली पास झाला. मले कोण धाडते? माहं लगन लावून देल्लं." त्या सांगताना अजिबात रडवेल्या नव्हत्या. "मास्तरचा काय दोष? आजारी माणूस तो. पण भाऊच्या डोक्यात तो रिकामा तास जो बसला, तो बसलाच."

"तुम्ही नंतर का नाही दिलीत परीक्षा? घरातच मास्तर आहे."

"तो लय मांगं लागते. मीच नाई म्हणते. आता या वयात पोरींत बसू का?"

त्यानंतर सर जिन्यावर उभे दिसले की पावलं भरभर पडायचीच, पण त्याचं कारण बदललं. त्यांच्याकडे पाहून मला वाटायचं, हा माणूस आत्ताही कोणाची तरी वाट बघतोय.

दोन-एक वर्षांनी सरांची पाळी आली. फेब्रुवारी उजाडला होता. आमच्याकडे दहावीला इंग्रजीत नापास झालेल्या मुलींची एक बॅच असायची. सगळ्या कामगारांच्या मुली. यंदा सुटली नाहीस तर शिक्षण बास, असं घरून सांगून ठेवलेलं. कोणाची सोयरीक चालू होती, कोणी साडीला टिकल्या लावायच्या कामाला जात होती. ही बॅच सर दुसऱ्या कोणाला देत नसत. परीक्षा महिन्यावर आली आणि एके दिवशी सर काळा चष्मा लावून वर्गावर आले.

"डोळे आलेत," म्हणाले.

मुलींनी चार दिवस त्यावर हसून घेतलं. डोळे आले असते तर आठवड्यात गेले असते. चष्मा मात्र राहिला. फळ्यावर लिहिताना ते मध्येच हात टेकून थांबायचे. एकदा त्यांनी मला खडू दिला तेव्हा मी त्यांची बोटं पाहिली. पांढऱ्या खडूच्या शेजारी ती हळदीत बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

मी मागच्या खोलीत ताईंकडे गेले. त्या चुलीपुढे नुसत्या बसल्या होत्या.

"कावीळ आहे ना?"

"मले कालच समजलं. आंघोळीले चष्मा काढला तेव्हा. भाऊ कोणाले सांगू नको म्हणते. जेवत नाई, उलट्या करते अन् वर्गावर जाते."

दुपारी मी आणि ताई दोघी सरांपुढे उभ्या राहिलो. दवाखान्यात चला, असं सांगितलं. त्यांनी चष्म्याआडून माझ्याकडे बघितलं. "बाई, पोरींची बॅच कोण घेणार?"

"मी घेते."

"तुमच्या वर्गावर कोण?"

जयेशभाई तोवर दुसऱ्या नोकरीला लागला होता. आम्ही दोघंच उरलो होतो. 

"माणूस आणा. मी जातो," सर म्हणाले.

मी शहर पालथं घातलं. ती कॉलेजची मुलगी लग्न होऊन गेली होती. कतारगामला एक शिक्षक भेटले, त्यांना एवढ्या लांब रोज यायला जमणार नव्हतं. एक बाई तयार झाल्या, आल्या, मुलींना बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "या पास होणार आहेत का? उगाच माझं नाव खराब." रोज संध्याकाळी मी रिकाम्या हातानं परत यायची आणि रोज सर आदल्या दिवसापेक्षा पिवळे दिसायचे. मला भीती वाटत होती की माझ्या शोधण्याच्या नादात हा माणूस मरेल.

शेवटी ते वर्गातच कोसळले. मोठं काही नाही, खुर्चीत बसायला गेले आणि खाली बसले. चष्मा पडला. मुलींनी त्यांचे डोळे पाहिले आणि एकजण खाली गिरणीवाल्याला बोलवायला पळाली. गिरणीवाल्यानं आणि दोन मुलींच्या वडिलांनी त्यांना जिन्यावरून खाली नेलं. रिक्षात बसवताना ते माझं मनगट धरून म्हणत होते, "उद्या सात वाजता, बाई. उद्या सात वाजता."

ताई पायरीवर उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि त्यांनी सरांची बोटं माझ्या मनगटावरून एकेक करून सोडवली. "मी बसते उद्या पोरींत," म्हणाल्या. "जाय तू."

सर काही बोलणार होते. ताईंनी रिक्षावाल्याला हात केला.

दुसऱ्या दिवशी सातला ताई त्या वर्गात गेल्या. डोक्यावर पदर, हातात पाठ्यपुस्तक. मास्तरांच्या खुर्चीत बसल्या नाहीत. पहिल्या बाकावर मुलींना सरकायला सांगून तिथे बसल्या आणि पहिला धडा मोठ्यानं वाचायला लागल्या. मी दोन खोल्यांमधल्या दाराशी होते.  एकेक शब्द त्या अक्षरं जुळवत वाचत होत्या. दुसऱ्याच ओळीवर त्या अडल्या.

मागून एक मुलगी हसली. मग तिच्या शेजारचीनं तो शब्द बरोबर म्हणून दाखवला.

"याचा अर्थ काय व्हते?" ताईंनी विचारलं.

ती मुलगी अडखळत सांगू लागली. दुसरीनं तिला दुरुस्त केलं. ताईंना पटेना. "मंग इथं हे 'हॅड' काहून आलं? वर त 'हॅज' हाय." आता चार मुली पुस्तकात डोकं घालून कारण शोधत होत्या. कोणालाच सापडलं नाही तेव्हा एकजण माझ्याकडे दारात आली. मी सांगितलं, तिनं जाऊन ताईंना समजावलं. ताईंना समजेपर्यंत तिला तीन वेळा समजवावं लागलं. तिसऱ्या वेळी तिला स्वतःला समजलं असावं, कारण तिचा आवाज बदलला.

परीक्षेपर्यंत असंच चाललं. रोज मला वाटायचं की आज मुली येणार नाहीत, आज कोणाचा बाप येऊन विचारेल की आमच्या पोरीला शिकवतंय कोण. मी झोपेत फळ्यावर लिहायची. पण मुली येत राहिल्या. ताईंना शिकवायचं म्हणून घरून तयारी करून यायला लागल्या. ताई वर्ग सुटला की डबा घेऊन दवाखान्यात जायच्या. तिथे सर पहिलं विचारायचे, "किती पोरी आल्या?" आणि ताई सांगायच्या, "सगळ्या. आता तोंड उघड, ताक पी."

सर वाचले. परीक्षा होऊन गेल्यावर घरी आले, सदऱ्यात दुसरा माणूस मावेल इतके बारीक होऊन. निकाल लागला तेव्हा बॅचमधल्या बहुतेक मुली सुटल्या होत्या. राहिलेल्या दोघींच्या घरी सर काठी टेकत स्वतः गेले आणि अजून एक वर्ष मागून आले. एकीच्या बापानं दिलं, दुसरीच्यानं दिलं नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

जिला वर्ष मिळालं, ती क्लासला परत आली ती ताईंना घेऊनच. "मी एकटी नाही बसणार," म्हणाली. त्या वर्षी ताईंनी बाहेरून फॉर्म भरला. गणिताला, विज्ञानाला मुलींनीच त्यांना शिकवलं. इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी मी सरांबरोबर परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर उभी होते. तापात, काविळीत, कशातही मी त्यांना इतकं घाबरलेलं बघितलं नव्हतं. सारखे सळ्यांमधून आत बघत होते. "निबंध आधी घेतला असेल का तिनं? निबंध आधी घेऊ नको म्हटलं होतं." मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

वेळ संपायच्या बऱ्याच आधी ताई एकट्या बाहेर आल्या. सरांचा चेहरा पडला. "उठली कशी? काही आलं नाही का?"

"आलं तेवढं लिहिलं. बसून काय करू? डाळ भिजू घातली हाय घरी." आणि त्या झपझप पुढे चालू लागल्या. सर मागे.

ताई पास झाल्या. काठावरच, पण सगळ्या विषयांत. निकाल कळल्यावर सर बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिले. ताईंनी त्यांना बाहेर यायची हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना सांगितलं, की लहान पोरांची नवीन बॅच सुरू होतेय, ती मी घेणार. विचारलं नाही, सांगितलं.

त्या बॅचचा पहिला दिवस मी पाहिला. आत पहिली-दुसरीतली पोरं, आणि ताई फळ्यावर मोठं 'ए' काढत होत्या. सर दाराबाहेर भिंतीला लागून उभे होते. आतून एखादा उच्चार चुकला की ते तोंडातल्या तोंडात तो सुधारायचे, आणि मग माझ्याकडे काळजीनं बघायचे. दोनदा तसं झालं. तिसऱ्या वेळी ताई दाराशी आल्या.

"भाऊ, तुले काही काम नाई का?"

सर काही बोलायच्या आत त्यांनी दार लोटलं आणि आतून कडी लावली.